डब्लिन : लिहिणाऱ्यांचा आणि छापणाऱ्यांचा उत्सव

नोव्हेंबरात डब्लिनमध्ये साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. डेम स्ट्रीटवर दुकानांचे दिवे लागलेले असतात, दुमजली बसच्या काचा आतल्या वाफेने धूसर झालेल्या असतात आणि लिफी नदीवरून येणारा वारा कोटाची बटणे पुन्हा एकदा तपासायला लावतो. पर्यटकांचा हंगाम कधीच सरलेला असतो. तरीही पुस्तकांवर जीव असलेल्या माणसाने या शहरात यावे ते याच महिन्यात. कारण नोव्हेंबरात इथे ‘डब्लिन बुक फेस्टिव्हल’ भरतो आणि गावातले वाचक, लेखक, संपादक, विक्रेते, शाळकरी मुले, सगळे एका छताखाली येतात.

जगात पुस्तकांचे मोठमोठे मेळे आहेत. डब्लिनचा हा महोत्सव त्यांच्या तुलनेत आटोपशीर. त्याचा आग्रह मात्र स्पष्ट आहे: व्यासपीठ आयरिश लेखकाचे आणि आयर्लंडमध्ये पुस्तके काढणाऱ्या प्रकाशकाचे. या आग्रहामागे इतिहास आहे आणि भूगोलही आहे. आयर्लंड प्रजासत्ताकाची लोकसंख्या २०२२च्या जनगणनेत जेमतेम साडेएक्कावन्न लाख भरली. लंडन विमानाने तासाभरावर. दोन्हीकडे वाचनाची मुख्य भाषा इंग्रजीच. लंडनचा बलाढ्य पुस्तकव्यवहार इतक्या जवळ असताना छोट्या देशात स्वतःचे प्रकाशक टिकवणे किती अवघड, हे इथे आल्यावर उमगते. ते टिकले, वाढले, आणि गेल्या काही वर्षांत त्यांनी जगाचे लक्ष वेधून घेतले. हा महोत्सव त्या टिकण्याचा वार्षिक सोहळा आहे.

अलीकडच्या वर्षांत महोत्सवाचे मुख्य ठिकाण आहे डब्लिन किल्ल्यातले ‘प्रिंटवर्क्स’. इंग्लंडच्या जॉन राजाने १२०४ साली हा किल्ला बांधण्याचा हुकूम दिला. पुढची सात शतके आयर्लंडवरचे परकीय राज्य इथूनच चालले. १६ जानेवारी १९२२ रोजी मायकेल कॉलिन्स यांनी इथेच ब्रिटिश व्हाइसरॉयकडून सत्तेची सूत्रे घेतली. स्वतंत्र आयर्लंडची टपाल तिकिटेही पुढे याच किल्ल्याच्या आवारात छापली जात. ज्या आवारातून एके काळी हुकूम सुटत, तिथे आता कथा-कवितांच्या पुस्तकांनी भरलेली टेबले मांडलेली पाहताना मन भरून येते.

दिवाणखान्याएवढ्या खोलीत बैठक असावी तशी इथली सत्रे घरगुती वाटतात. श्रोते ओले कोट खुर्चीच्या पाठीला टाकून बसतात. लेखक पाच-दहा मिनिटे वाचतो, मुलाखतकार प्रश्न विचारतो आणि मग श्रोत्यांचे हात वर होतात. मला विशेष वाटले ते या प्रश्नांचे. लेखकाला स्फूर्ती कुठून मिळते एवढ्यावर इथला वाचक थांबत नाही. हस्तलिखित आधी कुणी वाचले, संपादकाने काय बदलायला लावले, मुखपृष्ठ कुणाचे, पहिली आवृत्ती किती प्रतींची, हेही तो विचारतो. प्रकाशक सभागृहातच असतो आणि उत्तर देतो. सत्र संपल्यावर सहीसाठी रांग लागते. रांगेत आजीबाई असतात, विद्यापीठातली पोरे असतात, आईचा हात धरलेली लहानगीही असतात.

मुलांसाठी वेगळी सत्रे होतात आणि ती नुसती गोष्टी सांगून संपत नाहीत. आयर्लंडच्या बालसाहित्याने अवघड विषय टाळलेले नाहीत. मरिटा कॉनलन-मॅकेना यांची ‘अंडर द हॉथॉर्न ट्री’ ही कादंबरी १९९० साली डब्लिनच्या ओब्रायन प्रेसने काढली. १८४०च्या दशकातल्या महादुष्काळात घर सोडून निघालेल्या तीन भावंडांची ती गोष्ट. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. आज आयर्लंडमधली मुले हा इतिहास शाळेत शिकतात, तेव्हा ही कादंबरी त्यांच्या हाती असते. ओब्रायन प्रेस ही मायकेल ओब्रायन आणि त्यांचे वडील टॉम यांनी १९७४ साली सुरू केलेली संस्था. आपल्या मुलांना आपल्या मातीतल्या गोष्टी आपल्याच गावातल्या प्रकाशकाने द्याव्यात, ही तळमळ त्यांच्या यादीत दिसते.

किल्ल्याच्या आवारातच चेस्टर बीटी संग्रहालय आहे. सत्रांच्या मधल्या वेळात तिथे जाऊन यावे. खाणउद्योगात पैसा मिळवलेल्या आल्फ्रेड चेस्टर बीटी यांनी जगभरची हस्तलिखिते जमवली आणि ती आयर्लंडला दिली. मुघल चित्रशाळेत रंगवलेली ‘अकबरनामा’ची पाने इथे जपलेली आहेत. भारतातून आलेल्या वाचकाला परदेशी पुस्तक-महोत्सवाच्या दारात आपल्याकडच्या लेखणी-कुंचल्याची ही भेट अनपेक्षित असते.

किल्ल्यातून बाहेर पडून उतार उतरत नदीकडे गेले की पाचेक मिनिटांत स्मॉक ॲली नाट्यगृह लागते. प्रिंटवर्क्सच्या आधी कितीतरी वर्षे हा महोत्सव इथे भरत असे. १६६२ साली उभे राहिलेले हे नाट्यगृह. जॉर्ज फारकर, ऑलिव्हर गोल्डस्मिथ, रिचर्ड ब्रिन्स्ली शेरिडन या आयरिश नाटककारांची नाटके इथे रंगली. शेरिडनचे वडील टॉमस काही काळ त्याचे व्यवस्थापक होते. १७८७ साली नाट्यगृह बंद पडले, पुढे तिथे कोठार झाले, मग १८११ साली कॅथलिक चर्च. कॅथलिकांवरचे निर्बंध उठायला तेव्हा अजून अठरा वर्षे होती. चर्च १९८९ साली बंद झाले आणि २०१२ साली त्याच भिंतींमध्ये पुन्हा नाटक सुरू झाले. विटांचे जुने काम, उंच खिडक्या आणि तिन्ही बाजूंनी बसलेले श्रोते अशा जागेत कविता ऐकायची, तर आवाज वाढवावा लागत नाही.

मराठी माणसाला आयर्लंड अगदीच परके नाही. मालवण तालुक्यातल्या वराड गावचे मूळ असलेले लिओ वराडकर २०१७ साली या देशाचे पंतप्रधान झाले, ही बातमी कोकणात कौतुकाने वाचली गेली. त्याही आधी डब्लिनच्या सिंज स्ट्रीटवर जन्मलेल्या जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचे ‘पिग्मॅलियन’ पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ करून आपल्या घराघरात आणले. शॉ यांना १९२५चे नोबेल मिळाले. त्यांच्याआधी येट्स १९२३ साली, नंतर सॅम्युएल बेकेट १९६९ साली, शेमस हीनी १९९५ साली. एवढ्याशा देशाच्या वाट्याला साहित्याची चार नोबेल पारितोषिके आली. युनेस्कोने २०१० साली डब्लिनला ‘साहित्यनगरी’ म्हणून मान दिला. एडिंबरा, मेलबर्न आणि आयोवा सिटीनंतरचे ते चौथे शहर.

पण ही नामावळी वाचताना एक सल राहतो. शॉ विशीतच लंडनला गेले. बेकेट पॅरिसला स्थायिक झाले. आणि जेम्स जॉइस, ज्यांच्या नावाने आज १६ जूनला सारे डब्लिन ‘ब्लूम्सडे’ साजरा करते, ते आपल्या शहरावरचे कथापुस्तक आपल्या शहरात छापून घेऊ शकले नाहीत.

ती हकिकत डब्लिनमध्ये चालताना आठवतेच. ‘डब्लिनर्स’ हा जॉइस यांचा कथासंग्रह. १९०९ साली डब्लिनच्या मॉन्सेल या प्रकाशनसंस्थेने तो छापण्याचा करार केला. पुढे व्यवस्थापक जॉर्ज रॉबर्ट्स यांचे मन डळमळू लागले. कथांमध्ये दारूच्या गुत्त्यांची खरी नावे होती, राजा सातव्या एडवर्डबद्दल अनादराचे बोल होते. खटल्यांची भीती होती. १९१२ साली मुद्रक जॉन फॉल्कनर यांनी छापून झालेले फर्मे नष्ट केले. जॉइस यांच्या हाती कच्च्या छपाईचा एक संच तेवढा राहिला. त्या सप्टेंबरात त्यांनी डब्लिन सोडले आणि पुन्हा कधी पाऊल ठेवले नाही. ‘डब्लिनर्स’ १९१४ साली लंडनच्या ग्रँट रिचर्ड्स यांनी काढले. ‘युलिसिस’ १९२२ साली पॅरिसमध्ये सिल्व्हिया बीच यांनी. डब्लिनचे सर्वांत मोठे पुस्तक डब्लिनबाहेर छापले गेले. त्याची पहिल्या क्रमांकाची प्रत आज सेंट स्टीफन्स ग्रीनवरच्या आयर्लंड साहित्य संग्रहालयात काचेआड ठेवली आहे. २०१९ साली उघडलेले हे संग्रहालय ज्या न्यूमन हाउसमध्ये आहे, तिथेच जॉइस विद्यार्थी होते.

त्याच काळात डब्लिनमध्ये एक वेगळी धडपड चालू होती. कवी येट्स यांची बहीण एलिझाबेथ हिने १९०२ साली डन एमर छापखाना सुरू केला. १९०८ पासून तो क्वाला प्रेस झाला. खिळे जुळवण्यापासून हाताने छापण्यापर्यंतचे काम बायका करत. प्रती थोड्या, पण देखण्या. या छापखान्याचा भारताशी थेट धागा आहे. रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ इंग्रजीतून १९१३ साली डब्लिनच्या ॲबी थिएटरात झाले आणि पुढच्याच वर्षी क्वाला प्रेसने ते पुस्तकरूपाने छापले. खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहणारा अमल डब्लिनकरांनी रंगमंचावर पाहिला, तेव्हा रवींद्रनाथांना नोबेल मिळायचे होते.

स्वातंत्र्यानंतर सगळे सोपे झाले असे नाही. १९२९ साली नव्या राज्याने पुस्तकांवर देखरेख ठेवणारा कायदा केला आणि अश्लीलतेच्या नावाखाली देशाच्या उत्तम लेखकांची पुस्तके बंदीच्या यादीत गेली. एडना ओब्रायन यांच्या ‘द कंट्री गर्ल्स’वर १९६० साली बंदी आली. जॉन मॅकगहर्न यांच्या ‘द डार्क’वर १९६५ साली आली आणि त्यांची शिक्षकाची नोकरीही गेली. १९६७ साली कायदा बदलला; बारा वर्षांनी बंदी आपोआप उठू लागली आणि हजारो पुस्तके मोकळी झाली. आज महोत्सवात एखादी तरुण लेखिका शरीराबद्दल, विवाहाबद्दल, चर्चच्या धाकाबद्दल मोकळेपणी बोलते आणि समोरच्या पांढऱ्या केसांच्या बायका मान हलवतात. त्यांनी तो काळ पाहिलेला असतो. हे मोकळेपण या देशाने मोठ्या कष्टाने मिळवले आहे.

लिफीच्या उत्तर तीरावर, हाफपेनी पुलाच्या टोकाशी ‘द वाइंडिंग स्टेअर’ हे पुस्तकांचे दुकान आहे. खाली पुस्तके, वर खाणावळ. तिथून नदीच्या कडेने पश्चिमेला चालत गेले की स्टोनीबॅटर हा जुना भाग लागतो. सिट्रिक, ओलाफ, सिगर्ड अशी व्हायकिंगांची नावे मिरवणारे छोटे रस्ते आणि लाल विटांची बैठी घरे. यातल्याच सिट्रिक रोडवर लिलिपुट प्रेस आहे. प्रकाशनाचे कार्यालय आणि दुकान एकाच जागी. ॲन्टनी फॅरेल यांनी १९८४ साली ही संस्था सुरू केली. १९८५ साली त्यांनी ह्यूबर्ट बटलर यांचे निबंध पुस्तकरूपाने काढले. बटलर तेव्हा पंच्याऐंशीच्या घरात होते. क्रोएशियातल्या सक्तीच्या धर्मांतराबद्दल परखड बोलल्यामुळे पन्नासच्या दशकात त्यांना वाळीत टाकल्यासारखे झाले होते. लिलिपुटने काढलेल्या त्या पुस्तकाने आयर्लंडला आपला एक थोर निबंधकार नव्याने कळला.

लिलिपुटची दुसरी गोष्ट डब्लिनच्या पुस्तकजगात आजही आवडीने सांगितली जाते. डोनल रायन या सरकारी नोकराच्या लेखनाला प्रकाशकांकडून सत्तेचाळीस नकार आले होते. लिलिपुटमध्ये उमेदवारी करणाऱ्या सारा डेव्हिस-गॉफ या तरुणीने न मागवता आलेल्या हस्तलिखितांच्या ढिगातून त्यांचे लेखन उचलले आणि ते छापलेच पाहिजे असा हट्ट धरला. आर्थिक मंदीत खचलेल्या एका गावाची एकवीस जणांच्या तोंडून सांगितलेली ‘द स्पिनिंग हार्ट’ ही कादंबरी २०१२ साली आली, आयर्लंडचे त्या वर्षीचे सर्वोत्तम पुस्तक ठरली आणि पुढच्या वर्षी बुकरच्या लांब यादीत गेली.

साराने २०१४ साली लिसा कोएन हिच्याबरोबर ‘ट्रॅम्प प्रेस’ काढली. दोघींनी थोडीच पुस्तके घ्यायची, पण जिवापाड जपायची असे ठरवले. २०१६ साली त्यांनी माइक मॅकॉर्मक यांची ‘सोलर बोन्स’ छापली. मेयो परगण्यातल्या एका अभियंत्याचे मनोगत, पूर्ण कादंबरी एकाच वाक्यात. मोठ्या व्यापारी संस्थेने असे हस्तलिखित घ्यायला बराच विचार केला असता. या कादंबरीने त्याच वर्षी गोल्डस्मिथ्स पुरस्कार मिळवला. पण बुकरसाठी ती पाठवता येईना, कारण तेव्हाच्या नियमानुसार प्रकाशक ब्रिटनमधला हवा होता. कॅननगेट या ब्रिटिश संस्थेने ती पुन्हा काढली तेव्हा कुठे २०१७ साली ती बुकरच्या लांब यादीत आली. या गाजावाजानंतर २०१८ साली बुकरने नियम बदलला आणि आयर्लंडमधल्या प्रकाशकांना दार उघडले. त्याच वर्षी ‘सोलर बोन्स’ला एक लाख युरोंचा आंतरराष्ट्रीय डब्लिन साहित्य पुरस्कारही मिळाला. त्या पुरस्कारामागे डब्लिन महापालिका उभी आहे आणि त्यासाठी पुस्तके सुचवतात ती जगभरची सार्वजनिक ग्रंथालये.

ट्रॅम्प प्रेसनेच २०२० साली डिरन नी ग्रीफा यांचे ‘अ घोस्ट इन द थ्रोट’ काढले. १७७३ साली गोळी लागून मेलेल्या नवऱ्यासाठी आयलीन डव नी खोनल या स्त्रीने आयरिश भाषेत केलेला विलाप आणि आजच्या एका तरुण आईचे आयुष्य यांची त्यात गुंफण आहे. आयरिश भाषेच्या बाजूने पाहिले, तर हे पुस्तक आणखी महत्त्वाचे वाटते. २०२२च्या जनगणनेत सुमारे पावणेएकोणीस लाख लोकांनी आयरिश येते असे सांगितले. शाळेबाहेर रोज बोलणारे मात्र बहात्तर हजारांच्या आसपास. तरी या भाषेत पुस्तके निघत राहिली. मार्टिन ओ कायन यांची ‘क्रे ना किल्ये’ १९४९ साली सार्शेल अगस डिल या छोट्या संस्थेने छापली. कादंबरीतली सगळी पात्रे मेलेली, थडग्यांतून एकमेकांशी भांडणारी. ती इंग्रजीत पुस्तकरूपाने यायला २०१५ उजाडले. भाषा किती जण बोलतात याचा हिशेब करून ही संस्था थांबली असती, तर ती कादंबरी जगाला मिळालीच नसती. हार्कोर्ट स्ट्रीटवर आयरिश पुस्तकांचे खास दुकान आहे. महोत्सवाच्या दिवसांत तिथे अवश्य डोकवावे.

या सगळ्याला आधार आहे तो शासनाचा आणि वाचकाचा. छापील पुस्तकावर आयर्लंडमध्ये मूल्यवर्धित कर शून्य आहे. १९६९ पासून लेखक-कलावंतांच्या सर्जनशील कामाच्या मिळकतीला आयकरात सूट आहे, आता ठरावीक मर्यादेपर्यंत. कला मंडळ छोट्या प्रकाशकांना आणि नियतकालिकांना अनुदान देते. २०२२ साली सरकारने प्रायोगिक योजनेत दोन हजार कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो द्यायला सुरुवात केली. १९९७ साली स्थापन झालेले ‘द स्टिंगिंग फ्लाय’ हे नियतकालिक अशाच पाठबळावर नव्या लेखकांना पहिली जागा देत आले. केविन बॅरी, कॉलिन बॅरेट यांचे पहिले कथासंग्रह त्याच्याच प्रकाशनाने काढले. कादंबरीकार सॅली रूनी याच नियतकालिकाच्या संपादक होत्या.

लंडनची ओढ संपलेली नाही. रूनी आणि क्लेअर कीगन यांची पुस्तके लंडनची फेबर काढते. पॉल लिंच यांची २०२३ची बुकर-विजेती ‘प्रॉफेट साँग’सुद्धा ब्रिटिश संस्थेचीच. छोट्या प्रकाशकाने शोधलेला लेखक मोठा झाला की मोठ्या घराकडे जातो, हे दुःख महोत्सवातले प्रकाशक लपवत नाहीत. पण नवे हस्तलिखित वाचायला ते दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतात. १९१२ साली डब्लिनच्या मुद्रकाने जॉइस यांचे फर्मे नष्ट केले आणि २०१६ साली डब्लिनमधल्या दोन तरुणींनी एका वाक्याची कादंबरी छापली. या दोन घटनांमधले अंतर आयर्लंडने धाडसी प्रकाशक आणि चोखंदळ वाचक यांच्या बळावर कापले, असे माझे ठाम मत झाले आहे.

नोव्हेंबरात जाणाऱ्यांनी उबदार कपडे आणि छत्रीपेक्षा टोपीवाला कोट घ्यावा, वारा छत्री टिकू देत नाही. महोत्सवाचा मुख्य परिसर, स्मॉक ॲली, काउज लेनवरचे गटर बुकशॉप, ट्रिनिटी कॉलेज, डॉसन स्ट्रीटवरचे १७६८ सालापासूनचे हॉजेस फिगिस हे दुकान, सारे पायी पाहता येते. आणि पुस्तक घेताना ते उघडून प्रकाशकाचा पत्ता जरूर वाचा. डब्लिन, कॉर्क किंवा गॉलवे असे गाव दिसले, तर ते पुस्तक आधी घ्या.